फॉन्टसकट उडालेली हळदीची गाणी

"सगळं आहे ना जागेवर? मग रडतेस कशाला?" नवऱ्याने असं विचारलं तेव्हा मी खरंच हातातली उशी फेकून मारली.

विंडोज एक्सपी तेव्हा नुकतं घरोघरी येत होतं. आमचा विरारचा कॉम्प्युटर अजून विंडोज अठ्ठ्याण्णववर रखडायचा. ह्यांना ऑफिसात कुणीतरी नवी सीडी दिली आणि नणंदेच्या मुलीची हळद दुसऱ्या दिवसावर आलेली असताना ह्यांच्या अंगात आलं; एक्सपी टाकायला बसले.

त्या कॉम्प्युटरमध्ये सासूबाईंची हळदीची गाणी होती. त्यांचं माहेर विरारजवळचं चांदीप, गाणी तिथल्या बोलीतली. मी साताऱ्याची, मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही; पण मराठी टायपिंग माझं रोजचं काम. त्या सांगायच्या, मी बडवत जायची. नातीच्या हळदीला हीच गाणी झाली पाहिजेत, एवढा एकच त्यांचा हट्ट. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि बोलणंच गेलं. दुसऱ्या कुणाला ती गाणी पुरती येत नव्हती. घरी प्रिंटर नाही, म्हणून कागदावरही उतरलेली नव्हती.

"आधी डी ड्राइव्हवर कॉपी केलं, मग सी उडवला. मी काय दूधखुळा आहे?" हे म्हणाले. फाइल होती, नाही कोण म्हणतंय! पण उघडली तर डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि मधे चौकोन, पानच्या पानं. मराठी फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या पोटात होता, तो गेला. माझ्या ज्या ऑफिसातून तो आणला होता, ते सोमवारी उघडणार.

सासूबाई कॉटवरून बघत होत्या. त्यांनी चांगला हात 'राहू दे' असा हलवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

फाइल फ्लॉपीवर घेऊन आम्ही निघालो. स्टेशनजवळच्या दुकानात ती उघडली तर वेगळाच गोंधळ. "ताई, हा फॉन्ट आमच्याकडे नाय. आगाशीला पत्रिका छापतात, तिकडे बघा." लगेच रिक्षा केली. आगाशीच्या दुकानदाराकडे फॉन्ट निघाला. "पण लाइट जायची वेळ झाली, प्रिंट नाय निघणार. फॉन्ट देतो, घरी टाका." फ्लॉपी हातात पडली आणि दुकान काळोखलं.

घरी ती फ्लॉपी अशी करकरली की मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर मराठी होतं. देवा!

"मोठ्याने वाचा," मी ह्यांना म्हटलं. "नीट आलंय का ते आईंना कळू दे."

हे वाचायला लागले. सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड आमच्याकडे वळवलं. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मधेच हे त्याच चालीत वाचून गेले, "थांब गं, जरा पानी दे, घसा सुकला. आनि पोरगा जेवला का नाय?"

आई जे जे बोलल्या, ते मी न कळता टाइप करत गेले होते.

पडद्यावरून नजर न काढता हे म्हणाले, "नाही गं आई. अजून नाही जेवलो."