हिरव्या चिंधीचा दुधी

मामांच्या सदऱ्याच्या खिशात हिरव्या कापडाच्या चिंध्या असायच्या. बोटभर रुंद, वीतभर लांब. बोलता बोलता ते वेलाची पानं बाजूला सारत, एखादा दुधी तळहातावर तोलून बघत आणि देठाला चिंधी बांधत. "ह्यो बियाचा. ह्याच्याकडं बघायचं बी न्हाई."

मामा म्हणजे आमच्या कॉलेजच्या गेटवरून निवृत्त झालेले. गेटवरच्या माणसाला अख्खं कॉलेज मामाच म्हणतं, तसे ते माझेही मामा. मी तिथल्या ग्रंथालयात. अवसरी खुर्दला घर बांधलं, मागे तीन गुंठे मोकळे राहिले आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं की आता भाजी म्हणून विकत आणायची नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून असा काही आत्मविश्वास आला होता, विचारू नका. मामांचं घर बांधाच्या पलीकडेच होतं.

मी सुरुवात कशी केली असेल? पार्सलने मातीची पोती मागवली. ती उतरताना मामा बांधावर उभे राहून बघत होते.

"मॅडम, माती इकत घेतली?"

"सेंद्रिय आहे मामा."

मामांनी पायाखाली बघितलं, मग माझ्याकडे. "आन् ही कुणाची म्हनायची?"

दुसऱ्या दिवशी लेंडीखताचं घमेलं डोक्यावर घेऊन स्वतःच आले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. मामांकडे दोनच उरली होती, पण खत देतानाचा तोरा दोनशे मेंढरांचा होता.

मेथी पेरली की मी तिसऱ्या दिवशी उकरून बघायची. ते त्यांनी एकदा पाहिलं. "प्वार झोपलंय का बघाया त्याला उठवून इचारता व्हय? घाई कुणाला हाय?" हे 'घाई कुणाला हाय' दिवसातून दहादा यायचं. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. पाणी जास्त झालं, वांगी किडली, पालक उन्हाने बसला, सगळ्याला एकच उत्तर. पण दोन वर्षांत घरची मेथी, घरची मिरची ताटात यायला लागली, ती त्यांच्याच जिवावर.

मग एका जूनमध्ये ते पत्र्याची छोटी डबी घेऊन आले. आत राखेत घोळवलेल्या दुधीच्या सहा बिया. मामी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. हे बी तिने लग्नात लोणीहून, माहेरहून आणलेलं. दरवर्षी पेरायचं, पहिला चांगला दुधी वेलावरच वाळवायचा, त्यातलं बी पुढच्या वर्षाला. तीस-पस्तीस वर्षं हे चाललेलं. त्या वर्षी मात्र मामांचा मुलगा अंगणात नवी खोली काढत होता, दुधीच्या आळ्यावर विटा पडल्या होत्या.

"यंदा तुमच्या मांडवावर घ्या. बियाचा एक सोडून बाकीचे तुमी खावा."

"एवढंच बी आहे?"

"येवढंच. जुनं व्हतं ते उंदरानं खाल्लं."

सहाही बिया लावल्या, त्यातला एकच वेल मांडवावर चढला. पहिला दुधी धरला, मामांनी चिंधी बांधली आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेकीकडे चाकणला गेले.

आता माझा पराक्रम ऐका. त्याच आठवड्यात पुण्याहून मैत्रिणी आल्या, माझी बाग बघायला. बागेत दाखवण्यासारखा एकच ऐवज होता, तो चिंधीवाला. कोवळा, तुकतुकीत, हातभर. बाकीचे बोटाएवढे. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. म्हटलं, अजून लागतीलच की. चिंधी सोडली, दुधी तोडला, हलवा केला, फोटोही टाकले. पुढच्या आठवड्यात ते बोटाएवढे चारही माशी लागून पिवळे पडले आणि गळाले.

मामा काळा चष्मा लावून परतले ते घरात न जाता थेट मांडवाखाली आले. पानं वर करून करून बघितली. मी सगळं सांगितलं. ते बांधावर बसले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "गोड व्हता का?"

मी आत जाऊन ती सोडलेली चिंधी आणून त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी मामा यायचे. दुधीची पांढरी फुलं दिवस कलल्यावर उमलतात. नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, ते मादी फुलावर हलकेच घासायचे. वेल उतरणीला लागलेला, दोन दिवस हिरवं दिसलेलं तिसऱ्या दिवशी गळायचं. मी कॉलेजातून येऊन त्यांना फुलं शोधून द्यायची, कारण त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. दिवाळीच्या आधी एक धरला. वाकड्या मानेचा, पण धरला.

मामांनी चिंधी माझ्या हातात दिली. "तुमी बांधा."

बांधताना मी विचारलं, एवढं हिरवं कापड आणता कुठून?

"मामीचं लुगडं हाय. तिचं बी तिनंच राखावं."

गाठ तीनदा सुटली.

थंडीत मामांना दम लागायला लागला. मांडवापर्यंत येणं थांबलं. ओट्यावरूनच विचारायचे, "वाजतोय का?" दुधी पुरता वाळला की आत बी खुळखुळतं, मगच काढायचा. मी हलवून बघायची आणि ओरडून सांगायची, "नाही अजून!" "असू द्या. घाई कुणाला हाय." खरं सांगते, तेव्हा मला घाई होती. संक्रांतीनंतर एका सकाळी मामा गेले. दुधी त्यांच्या तेराव्यानंतर वाजला.

निम्मं बी मी त्यांच्या सुनेला नेऊन दिलं. आतापर्यंत ती या सगळ्याला सासऱ्यांचा नाद म्हणायची. तिने ते पदरात घेतलं आणि आतून मामांचा सदरा आणून दिला. खिशात तीन चिंध्या होत्या.

यंदा बांधाच्या दोन्ही बाजूंना मांडव आहे. दोन्हीकडच्या पहिल्या दुधीला हिरवी चिंधी आहे. परवा सूनबाईंनी त्यांचा दुसरा दुधी तोडला आणि भाजीची वाटी बांधावरून माझ्या हातात दिली. मी उभ्या उभ्याच खाल्ली.

"गोड हाय का ओ मॅडम?"

मी हो म्हटलं. ती आत गेल्यावर त्यांच्या ओट्याकडे बघून पुन्हा म्हटलं, "गोड आहे, मामा."