तात्यासाहेबांच्या गालावरचे वण

“ह्यो तात्या न्हायच!” हिराजी तांडेलानं फोटो माझ्या टेबलावर पालथा टाकला आणि तोंड फिरवलं.

झालं! वाचनालयाच्या सेक्रेटरींनी, म्हणजे आमच्या वकीलसाहेबांनी, त्याच फोटोची मोठी एन्लार्जमेंट मला सांगितली होती. हॉलमध्ये लावायची म्हणून. ही हकीकत १९३०च्या आगेमागे, आमचा जिल्हा कुलाबा होता तेव्हाची. माझा स्टुडिओ अलिबागेत. फोटो एका फार मोठ्या लेखकाचा. आपण त्यांना नुसतं तात्यासाहेब म्हणू. त्यांच्या कादंबऱ्या तुमच्याही कपाटात असतील. मूळचे थळचे, ऐन उमेदीत गेले. फोटोचा त्यांना भारी कंटाळा, म्हणून मागे राहिला तो हा एकच.

तो आणला होता त्यांच्या मुलीनं, यमुताईंनी. त्या मुरुडला दिलेल्या. वडील गेले तेव्हा पाळण्यात होत्या. “हेच तुझे बाबा,” असं आई सांगायची, आणि आता आईही नव्हती. बाई जन्मभर या फोटोला फूल वाहत आलेल्या. आणि आता वडिलांचा बाळमित्र हिराजी म्हणत होता की हा माणूसच दुसरा!

यमुताई खुर्चीत बसून होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

“तांडेल नाही म्हणतात तर प्रश्नच मिटला,” वकीलसाहेब म्हणाले. “भलत्याच माणसाला हार घातला तर लोक तोंडात शेण घालतील.”

“थांबा हो!” मी म्हणालो. “हिराजीकाका, कशावरून नाही म्हणता?”

“आरं, तात्याला नि मला देवी एकाच साथीत आल्या. एकाच पडवीत पडून व्हतो. माझा तोंड बग! असाच त्याचा व्हता. आन ह्यो? लोण्यावानी गुळगुळीत!”

मला हसू फुटलं. म्हातारा असा भडकला की बोलायची सोय नाही.

पण मी हसलो ते त्याला नव्हे, आमच्या धंद्याला. फोटो आधी काचेच्या प्लेटवर उतरतो, तिला निगेटिव्ह म्हणतात. तिच्यावर सगळं उलटं, काळं ते पांढरं. देवीच्या खड्ड्यात सावली असते, म्हणून प्लेटवर तिथं काच मोकळी राहते. वर वार्निशचा पातळ हात द्यायचा आणि त्या मोकळ्या जागा टोकदार पेन्सिलीनं भरायच्या. प्रिंटमध्ये गाल सपाट! याला रिटचिंग म्हणतात. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकायच्या आधी बजावतं, “तेवढे वण काढा हं.” सगळ्या गावाचे वण आम्ही बुजवलेत. वण दिसत नाहीत म्हणून माणूस दुसरा, हा पुरावाच नव्हे.

“वण होते असा तरी पुरावा कुठाय?” वकीलसाहेब वकिलासारखं बोलले.

तो माझ्या माळ्यावर होता. फोटोमागे शिक्का होता माझ्या आधीच्या मालकांचा. त्यांच्याकडून स्टुडिओ घेताना सगळ्या प्लेटाही घेतल्या होत्या. धूळ खात शोधल्या. सापडली! उजेडात तिरकी धरली तर गालावर पेन्सिलीची चकाकी स्पष्ट.

“टर्पेंटाईननं पुसलं की पेन्सिल निघेल,” मी म्हणालो. “पण प्लेट जुनी आहे. थर सुटला तर चेहराच कापसावर येईल, मग कायमचं कळायचं नाही. यमुताई, तुम्ही म्हणाल तसं.”

बाई म्हणाल्या, “पुसा, भाऊ. परक्याला फुलं वाहिली असतील तर तेही कळू दे.”

“काका, आधी वण कुठं होते ते सांगा. मग पुसतो. मागाहून बघून सांगितलेलं मी मानणार नाही.”

तांडेलानं डोळे मिटले. “डाव्या नाकपुडीच्या बाजूला एक खोल. आन दोन भिवयांच्या मधी दोन, एकाला एक चिकटून.”

माझा हात चांगला आहे, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. कापूस हलका फिरवला. थर शाबूत राहिला. प्लेट फ्रेममध्ये घातली, मागे कागद लावला आणि अंगणात उन्हात ठेवली. त्या कागदावर चित्र उन्हानंच चढतं. अधूनमधून मागची अर्धी झडप उघडून बघायचं.

उघडली. गालभर वण. नाकपुडीजवळचा खोल. भिवयांच्या मध्ये दोन, चिकटून.

“तात्या!” तांडेल पोरासारखा रडला. “आरं, कुनी रं तुला असा रंधा मारला?”

यमुताईंनी प्रिंट दोन्ही हातांत धरली. “एवढी वर्षं रोज बघत होते,” त्या म्हणाल्या, “आणि बाबा आज दिसले.” मग डोळे पुसून हसल्या.

वकीलसाहेब खाकरले. “खात्री पटली, उत्तम झालं. आता हॉलसाठी पुन्हा जरा पेन्सिल फिरवा. वण बरे नाही दिसत.”

“खबरदार!” तांडेल आणि बाई एका दमात ओरडले.

हॉलमध्ये वणांसकट तात्यासाहेब लागले. फोटो खरा की खोटा हे विचारायला अजूनही लोक माझ्याकडे येतात. मी आधी एवढंच विचारतो, तो काढणाऱ्याला सुंदर करायला कितपत सांगितलं होतं?