करड्या रंगाची तिफण

कोटरा सुल्तानाबादमधल्या एका कबाड्याकडून मी जुनी तिफण, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, विकत घेतली, तेव्हा त्याने विचारलं, "साहब, ड्रॉइंग रूम में रखोगे?" पेरायला नेतोय म्हटलं असतं तर त्याला माझी काळजी वाटली असती. मी नुसती मान हलवली.

आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेमागे एक पडीक पट्टा होता. मुलांसमोर तिथे गहू पेरावा, एवढीच माझी इच्छा. पण बातमी कारखान्यात पसरली आणि मोठ्या साहेबांनी तिफण गेटवर, सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवायचं ठरवलं. पाटीवर स्वतःचं नाव हे ओघाने आलंच. मी विनंती केली: चालली तर शाळेला, नाही चालली तर गेटला. साहेब हसून हो म्हणाले. चौथऱ्याचं खोदकाम मात्र त्याच आठवड्यात सुरू झालं.

शेजारचे इंजिनिअर आणि मी, दोघांनी तीन रविवार घालवले. मोडका फण जवाहर चौकातल्या सुताराकडून बाभळीचा करून आणला, बांबूच्या नळ्या नव्या बसवल्या आणि शेवटी रंग दिला. रंग दिल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असं आमच्याकडे कोणी मानत नाही. कारखान्याचाच करडा, दोन हात. चाड्याला, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाडग्याला, आतूनसुद्धा. नळ्यांनाही.

बायकोचे मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याकडून आले होते. जन्मभर पेरणी केलेला माणूस. दिसायचं बेताचंच. त्यांनी मूठभर गहू चाड्यात सोडला आणि कान लावला.

"जावईबापू, मधली नळी मुकी आहे."

रंग कोणी दिला, असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. एवढे शिकलेले दोघं, आणि बियाण्याची वाटच लिंपून ठेवली, एवढंच ते म्हणाले.

शनिवारभर आम्ही तापलेल्या सळईने रंग खरवडला. मामांनी पुन्हा कान लावला. बरं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. रविवारी बैलांच्या जागी आम्ही दोघं दोर धरून उभे राहिलो. मागे मामा, एक हात चाड्यावर. साहेब आले, पण पेरणीत पाहण्यासारखं काहीच नसतं. बी जमिनीत जातं आणि संपलं. चालली की नाही, हे त्यांनी विचारलं. आठ दिवसांनी कळेल, म्हणालो. त्यांनी घड्याळ पाहिलं.

रोज ड्युटीआधी मी पट्ट्यावर जाऊन यायचो. पाचव्या दिवशी माती तशीच होती आणि चौथरा कमरेएवढा झाला होता. सातव्या दिवशी दोन ओळी उगवल्या, कडेच्या. मधे काही नाही. त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनसमोरून जायचं टाळलं.

आठव्या दिवशी मधली ओळ आली. विरळ होती, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. मी तिथेच बांधावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

घरी येऊन मामांना सांगितलं. ते चहा पीत होते.

"आता तिला रंग देऊ नका," म्हणाले.

साहेबांनी शब्द पाळला, तिफण शाळेलाच राहिली, हे मान्य करायला हवं. चौथरा मात्र पूर्ण झाला. बसची वाट पाहणारे लोक त्यावर डबे ठेवतात.