दसऱ्याला धुतलेलं इंजिन

गाडीचं इंजिन पाण्याच्या धारेनं धुवायचं नसतं, हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. आमच्या ह्यांना पन्नाशी जवळ आली तरी ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं तर ऐकायची सोय नव्हती.

माझ्या वडिलांचं मलकापूरला गॅरेज होतं. मी एकुलती एक. शाळा सुटली की दप्तर फेकून बाबांना पाने द्यायला उभी राहायची. दहाचा म्हटलं की दहाचाच हातात पडायचा. लग्न होऊन उंद्रीला आले आणि वीस वर्षं हातात पाना नाही, नुसतं उलथणं. त्या वर्षी बाबांचे गुडघे पारच गेले. फोनवर म्हणाले, "दसऱ्याले शेवटची पूजा करतो अन् दुपारी शटर पाडतो. पान्याची पेटी तेवढी चांगल्या हातात द्याची हाये. तू ये."

चांगला हात म्हणजे माझाच, दुसरं होतं कोण? आमच्या गावात आता पोरीबायका स्कूटी चालवतात, बिघडली की खामगावला न्यावी लागते. घरच्या ओट्यावर ती पेटी मांडायची आणि काम सुरू करायचं, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. ह्यांना बोलले नव्हते. बोलले असते तर हसले असते.

नवमीला ह्यांनी गाडी धुवायला काढली. दसऱ्याला वाहनाची पूजा, म्हणून सगळं कसं लख्ख पाहिजे. बोनेट उघडलं, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचा पाइप घेतला आणि थेट इंजिनावर धार सोडली. मी हातातलं टाकून पळत बाहेर आले.

"अहो, काय करून राह्यले? आत पाणी जाईन नं!"

"देवाची पूजा हाये, धूळ ठेवू काय? तू तुह्या पुरणाचं पाह्य."

संध्याकाळी गाडी सुरू केली तर ती थरथरत, धक्के देत चालायला लागली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. मी म्हटलं, प्लगच्या खड्ड्यांत पाणी साचलंय, काढून पुसा, झालं. पण बायकोचं ऐकेल तो नवरा कसला! मोबाइलवर कोणा एकाचा व्हिडिओ पाहिला आणि निदान झालं, चारही कॉइली गेल्या. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगी पुरवणारी एक कॉइल असते. चारच्या चार एकदम कशा जातील, एवढा विचार तरी करावा माणसानं! तर नाही. मोटारसायकलवर खामगाव गाठलं आणि चार नव्या कोऱ्या घेऊन आले.

दसऱ्याच्या सकाळी अंगणात मोबाइल टेकवून काम सुरू झालं. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या. ह्यांनी जुन्या कॉइली उपटल्या, त्यांच्या रबरातून पाणी ठिबकत होतं तरी दिसेना, आणि नव्या त्याच पाण्यात बुडवून वरून बोल्ट आवळले. नारळ फोडला, चावी फिरवली. गाडीची थरथर होती तशीच.

"नजर लागली कोणाची तरी," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, कपाळ बडवून घ्यावं. दहा वाजत आले होते आणि मलकापूर दोन तासांवर. हे तणतणत दुकानदाराला फोन करायला आत गेले. मी पदर खोचला. बॅटरीची तार काढली, चारही कॉइली वर घेतल्या. लांब पेचकसाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून एकेक खड्डा कोरडा केला, सायकलच्या पंपानं हवा मारली. जुन्या कॉइली उन्हात वाळल्या होत्या. त्या पुसल्या आणि मुद्दाम त्याच परत बसवल्या. नव्या खोक्यात घातल्या, बॅटरीची तार जोडली. चावी फिरवली, तर गाडी एकदम गुमान चालू.

हे बाहेर आले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "पाह्यलं? नव्या कॉइलीले बसाले थोडा वेळ लागते."

मी पदर सोडला आणि पिशवी गाडीत टाकली. भांडत बसले असते तर मलकापूर राहिलं असतं.

गॅरेजपाशी उतरल्या उतरल्या ह्यांनी बाबांपुढे सुरू केलं, "मामाजी, चारही कॉइली घरीच बदलल्या बरं का!" बाबांना कोण आनंद! बोनेट उघडायला लावलं, काठी टेकून वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले. चारही कॉइली जुन्या, रंग उडालेल्या. मग त्यांनी माझ्या नखांकडे पाहिलं. ती काळी होती. माझं काळीज सुपाएवढं झालं. म्हटलं, ह्यांना नाही तर नाही, बाबांना कळलं.

पूजा झाली. पेटीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. बाबांनी ती उचलली आणि माझ्यासमोरून नेऊन जावयाच्या हातात दिली.

"घ्या. असाच हात पाह्यजे होता."

ह्यांनी दोन्ही हातांनी घेतली. मी बाबांना मागच्या खोलीत गाठलं.

"बाबा, तुमाले समजलं होतं नं?"

"समजलं बाई."

"मंग काऊन?"

"दसऱ्याच्या दिवशी जावई दारात आला. त्याच्यासमोर त्याच्या बायकोच्या हातात पेटी देऊ? त्याचा मान नाही राहत. अन् जाऊन राह्यली तं तुह्याच घरी."

"माह्या घरी नाही, बाबा. त्याईच्या घरी."

"एकच नं, बाई," म्हणाले आणि शटर पाडायला गेले.

त्या दिवशी मी बाबांना आपट्याचं सोनं दिलं नाही, पायाही पडले नाही. माझ्या बापानं मला ओळखलं आणि तरी डावललं, याचा राग माझा आजही गेलेला नाही.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, पेटी मला द्या, ओट्यावर काम करीन. अपेक्षेप्रमाणे हसले. दिवाळीच्या आत त्यांनी ती एका ट्रॅक्टरवाल्या मित्राला देऊन टाकली. म्हणे, आपल्या घरी पडूनच असते, वापरते कोण?

बाबा अजून फोनवर विचारतात, "पान्याईले तेल लावतात नं जावई?" मी फोन ह्यांच्या हातात देते.