आई हिंदीत बोलली

कॉलेजात पहिली शॉर्टफिल्म करायची होती, तेव्हा मी आईलाच धरलं. टी. टी. नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती पोळ्या करता करता बोलेल आणि मी मोबाइलवर शूट करीन, इतकं सोपं काम.

रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आई हिंदीत बोलायला लागली. आमचं शहर हिंदी बोलणारं, पण घरात आम्ही मराठीच बोलतो. हिंदी फक्त बाहेरचं कोणी आलं की. "आई, मराठीत बोल ना!" मी वैतागलो. ती "बरं" म्हणाली आणि मी मोबाइल उचलताच पदर सारखा करून पुन्हा हिंदीत सुरू झाली. मी खिडकी लावली, पंखा बंद केला, स्टुलावर चढलो, मग जमिनीवर बसलो. सहा वेळा तेच. शेवटी ओरडलोच, "इथे बाहेरचं कोण आहे गं?"

ती लाटायची थांबली. म्हणाली, "तो मोबाइल तोंडासमोर धरलास की तू घरातला वाटत नाहीस रे."

मला तेव्हा ऐकायला वेळ नव्हता, उजेड जात होता. फिल्म हिंदीतच जमा केली. वर्गाला आवडली. मला मात्र ती आजही शेवटपर्यंत बघवत नाही. शेवटच्या शॉटमध्ये आई ताट पुढे करते आणि हसून मला म्हणते, "लीजिए, आप भी खाइए."