रेडिओग्रामची खंडेनवमी

बल्ब लख्ख पेटला आणि मी झटकन स्विच बंद केला.

जुना सेट मी कधीच थेट प्लगमध्ये घालत नाही. मध्ये एक साधा बल्ब जोडते. आम्ही त्याला सिरीज बल्ब म्हणतो. सेट ठीक असेल तर तो मंद राहतो. आत शॉर्ट असेल तर तोच लख्ख पेटतो आणि सेट जळायचा वाचतो. म्हणजे बल्ब हसला की मेकॅनिकनं रडायचं.

सेट होता वडूजकडच्या नानांचा. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता विहिरीवर शेती. ते आणि त्यांचा मुलगा संजय टेम्पोत घालून तो माझ्या साताऱ्याच्या दुकानात घेऊन आले होते. रेडिओग्राम म्हणजे बुटक्या कपाटाएवढी लाकडी पेटी. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला झाकणाखाली रेकॉर्ड प्लेअर. आत व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या. चालू झाल्या की त्यांच्यात तांबूस उजेड दिसतो.

हा सेट नानांच्या थोरल्या भावानं, दादानं, मिलिटरीतून सुट्टीवर येताना आणलेला. पुढं एका वर्षी दादा आला नाही, तार आली.

"ताई, वाजंल न्हवं?" नानांनी विचारलं.

वाजणं जरुरीचं होतं. हायवेवरच्या एका नव्या हॉटेलवाल्याला ही पेटी हवी होती. आतलं सगळं काढून तो तिच्यात हात धुवायचं बेसिन बसवणार होता. दसऱ्याला ओपनिंग. संजयनं त्याला सांगून ठेवलं होतं की सेट दुरुस्त झाला नाही तर पेटी घेऊन जा. नव्या घरात बंद पडलेला सेट ठेवायला जागा नाही, हे त्याचं म्हणणं. तसं ते चूकही नव्हतं.

मी कामाला लागले. वीज साठवणारे फिल्टर कंडेन्सर वाळून गेले होते, ते बदलले. बल्ब लख्खच. मग रेक्टिफायर काढला. हा व्हॉल्व्ह आतल्या एसीचं डीसी करतो. तो काढल्यावरही बल्ब लख्ख राहिला तर ट्रान्सफॉर्मर जळालेला, असं आम्हाला आयटीआयमध्ये शिकवलं होतं. त्या ट्रेडला वर्गात मी एकटीच मुलगी होते, त्यामुळे शिकवलेलं सगळं घट्ट धरून ठेवायची मला सवय. बल्ब लख्ख राहिला.

"नाना, ट्रान्सफॉर्मर गेलाय," मी सांगितलं. "पूर्वी नवी तार गुंडाळून भरून देणारे होते. आता मोटारी भरणारे आहेत, पण असलं नाजूक काम कुणी हातात घेत नाही."

संजय उठला. "मग ऱ्हाऊ द्या ताई. तुमी लय धडपड केली. आतलं काढूनच द्या, हॉटेलवाल्याचा तरी तरास वाचंल."

टेबलावर काढून ठेवलेला रेक्टिफायर नानांनी उचलला, कपाळाला लावला आणि परत ठेवला. त्यांच्या कपाळावर लालसर डाग उमटला.

"हे लाल काय?" मी विचारलं.

"कुंकू."

"व्हॉल्व्हवर?"

"आवं ताई, खंडेनवमीला लावतो की. इळा, कुऱ्हाड, इंजान, समद्यांची पूजा आन् ह्याची न्हाई? आईनं सुरू केलं. म्हनायची, आत उजेड पडतो तिथं लाव. नारळ फोडायचा, पानी शिपडायचं. बंद पडला तरी मी एक साल चुकवलं न्हाई."

"आत? आत पाणी शिंपडता?" माझा आवाज चढला. रागावले की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. "नाना, ही पूजा आहे की खून?"

बोलून गेले आणि ओशाळले. पण हात थांबले नव्हते. बॅटरी घेऊन मी रेक्टिफायरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह बसवायच्या खोबणीत, डोकावले. कुंकू आणि नारळाच्या पाण्याचा वाळलेला थर, त्याच्याखाली कोळशासारखी काळी रेघ. करंटनं त्या ओलीतून वाट काढली होती आणि सॉकेट जाळलं होतं. शॉर्ट सॉकेटमध्येच, मग व्हॉल्व्ह काढून काय उपयोग? मी ट्रान्सफॉर्मरच्या वायरी सॉकेटपासून सोडवल्या आणि स्विच टाकला.

बल्ब मंद झाला. ट्रान्सफॉर्मर शाबूत होता.

मी मोठ्यानं हसले. नाना घाबरून माझ्याकडे बघत राहिले.

सॉकेट बदललं. बाकीची सॉकेटं स्पिरिटनं घासली. रेडिओ खरखरत का होईना, बोलायला लागला. मग दादाच्या रेकॉर्डमधली एक गवळण लावली, तर गाणाऱ्या बाईचा आवाज बाप्यासारखा जाड. रेकॉर्डखालची ताटली हळू फिरत होती. ताटलीला एक रबरी चाक फिरवतं, ते तेलानं माखलेलं, म्हणून घसरत होतं.

"तेल पण?"

"मशीन म्हनल्यावर तेल नगं व्हय?" नाना म्हणाले. ह्या वेळी मी रागावले नाही. चाक पुसलं, गवळण पुन्हा लावली. आवाज जागेवर आला.

नाना स्टुलावर बसले. "दादा सुट्टीला आला की हीच लावायचा. मी मेंढरं सोडून पळत यायचो. आई मारायची." रेकॉर्ड संपली तरी ते बसूनच होते. संजय बाहेर जाऊन फोनवर बोलून आला आणि म्हणाला, "नाना, बेसिन दुसऱ्या कशात तरी बसवतील."

मला एकदम वाटलं, सेट बिघडला पूजेनं हे खरं. पण पुजलेला नसता तर बंद पडला त्याच साली भंगारात गेला असता. त्या माउलीचे मी मनातल्या मनात आभार मानले.

खंडेनवमीला त्यांनी मला घरी बोलावलं. माझी अट होती, कुंकू बाहेर, लाकडावर. आत थेंबही नको. नानांनी ती अक्षरशः पाळली. मग म्हणाले, "तुमची पिशवी द्या." त्यांनी माझा सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कड इंजिनच्या हँडलशेजारी ओळीनं मांडली, कुंकू लावलं आणि हात जोडले. आमच्या घरी मिस्टरांच्या स्कूटरची पूजा व्हायची. माझ्या सामानाला मीच दुकानात उदबत्ती ओवाळायचे. दुसऱ्या कुणी माझ्या हत्यारांपुढं वाकलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. डोळे भरून आले.

तेवढ्यात नाना त्याच सामानावर नारळाचं पाणी शिंपडायला लागले. इतकं लेक्चर दिलेली मी हात जोडून उभी राहिले.

साताऱ्याला आले तर मीटर बंद. उघडून वाळवलं, चालू झालं. वरचा टिळा मात्र मी पुसलेला नाही. गिऱ्हाइकाला सूचना देऊन झाल्या की आधी आपलं सामान बॅगेत भरावं, एवढं या कामात शिकले. पुढच्या खंडेनवमीला तरी भरेन की नाही, सांगता येत नाही.