गिरजेच्या वाटणीचा घोट

अकोल्याच्या बाजारात गोऱ्या व्यापाऱ्याच्या गुमास्त्यानं लाल दारूची दुसरी बाटली माझ्या हातात दिली, तेवढ्यात वलगावचा आमचा गडी समोर येऊन उभा राहिला. डोक्याचं पागोटं काढलं... अन् मी समजलो. माझी बायको गिरजा गेली होती. महिना होत आला, तरी त्या गुमास्त्याचं तोंड आठवलं की मला उगाच त्याचाच राग येतो.

दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली अन् आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. गावात बैलांच्या शिंगांना चांदी चढली, अन् माझ्या घरात गिरजा पिंजल्या कापसासारखी पांढरी पडत चालली. दोन बाळंतपणं वाया गेली होती. अमरावतीच्या गोऱ्या डॉक्टरानं नाडी पाहिली. म्हणाला, रक्त वाढायला फ्रान्स मुलखातली बर्गंडी नावाची दारू रोज जेवताना घोटभर द्या. खटपट करून बाटली मिळवली. बूच निघेना, तेव्हा कापसाचे बोरे शिवायच्या दाभणानं कोरून काढलं.

पुढं पंचाईत अशी, की मी माळकरी. अन् ही जन्मभर माझ्यामागून, माझ्याच ताटात जेवलेली. पेला पुढं केला तर तोंड फिरवून बसली.

"तुमी घेतलं नाई ते मी कसं घेऊ? तुमच्या आंदी कधी घास तरी घातला का म्या तोंडात?"

"औषध हाये ना वं गिरजे!"

"असन. पहिले तुमी."

अशी हट्टी बाई! रागानं ओसरीवर जाऊन बसलो. माळ माझ्या बापानं गळ्यात घातलेली... पण आत चार पावलं चालली तरी तिला धाप लागत होती, ती ऐकवेना. उठलो, देवापुढं माळ उतरवून ठेवली, अन् घोट घेतला.

तिनं त्याच पेल्यातून घेतला अन् खुदकन हसली. "अवो, हे तं आंबाडीच्या फुलाचं पाणी! याच्यापायी माळ काढली तुमी?"

त्या दिवशी तिला समोरच बसवली. एकाच ताटात भाकर अन् तुरीच्या दाण्यांची आमटी. इतकी वर्षं संसार केला, पण गिरजा जेवते कशी, ते मी पाहिलंच नव्हतं! दाढ दुखते म्हणून एकाच बाजूनं चावायची. तिखट लागलं की पदरानं नाक पुसायची. "काय पाहून राहिले?" म्हणत लाजली. मला भरून आलं. बाटली संपेपर्यंत आम्ही रोज असंच जेवलो. गालावर थोडा रंगही आला होता... मग अंगात ताप भरला. मी दुसरी बाटली आणायला निघालो, तेव्हा म्हणाली, "लवकर या. मी जेवाची थांबते."

तेरवी झाल्यावर भजनातली मंडळी म्हणाली, आता माळ घाला. घातली. त्याचं काही नाही. जेवण मात्र जिवावर येतं. बहीण वाढते, मी जेवतो, अन् हात धुवायला उठताना पाहतो, तर ताटात अर्धी भाकर तशीच. रोजच.

"दादा, भूक नाई का तुले?" काल बहिणीनं विचारलं.

"भूक हाये वं बाई," म्हटलं. "माझ्यामागून जेवणारी नाई."